एकोणिसावी पेज

समजा, तुम्हाला पेज करायची आहे. कृती दोन ओळींत संपते. लाल दाण्याचं जाडसर पीठ पाण्यात कालवून दोन दिवस आंबत ठेवायचं. मग मीठ आणि ठेचलेली लसूण घालून, गुठळ्या होऊ न देता, मंद आचेवर शिजवायचं. झालं.

आता समजा, तो लाल दाणा जिथे पिकतो तिथून तुम्ही दीड दिवसाच्या प्रवासाइतके लांब राहता. इथल्या दुकानदाराला ‘लाल दाणा’ म्हटलं की तो मसुरीच्या डाळीकडे बोट दाखवतो. घरात इतका गारठा, की पीठ आंबायचं सोडून तळाशी झोपून राहतं. नळाच्या पाण्याला औषधाचा वास. हे सगळं निस्तरून तुम्ही वाफाळती वाटी समोर ठेवता. समोरचा म्हातारा पहिला चमचा तोंडात घेतो, जिभेने इकडून तिकडे फिरवतो, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत विचार करतो आणि अगदी मायेने म्हणतो, “चांगली झालीये गं. पण ही ती नाही.”

आता हे एकोणीस वेळा समजा.

जिच्यावर ही वेळ आली तिला सगळे दातकरीण म्हणायचे. म्हणायचं कारण सरळ होतं. ती दात करायची. एका इमारतीच्या तळमजल्यावर, टायरच्या दुकानाच्या मागे, एक लांबट खोली होती. तिथे पाच टेबलं, पाच दिवे आणि सगळीकडे पांढरी धूळ. शहरातले दंतवैद्य लोकांच्या जबड्यांची मापं घेऊन इथे पाठवायचे. त्या मापांवरून प्लास्टरचे साचे व्हायचे, साच्यावर मेण, मेणात एकेक दात बसवायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक दाबून भरायचं, पितळी डब्यात बंद करून गरम पाण्यात शिजवायचं, आणि शेवटी घासून घासून चमकवायचं. की झाली कवळी तयार.

हे काम ती बावीस वर्षं करत होती. गंमत म्हणजे इतक्या वर्षांत तिने तोंडं फार थोडी पाहिली होती. साचे हजारो. रस्त्यात एखादा माणूस हसला तर ती ओळखायची नाही, पण त्याचा साचा हातात दिला तर म्हणायची, “हे ते, उजवीकडची हिरडी खाली गेलेले.” तक्रारीसुद्धा तिच्यापर्यंत चिठ्ठीवरूनच यायच्या. बोलताना शिट्टी वाजते. हिरडीला टोचतं. जेवणात चव लागत नाही. शिंकताना सुटते. टोचण्यावर आणि सुटण्यावर इलाज असायचा. बाकीच्या चिठ्ठ्यांवर ती लॅबच्या मालकांनी शिकवल्याप्रमाणे दोन शब्द लिहून परत पाठवायची: ‘सवय होईल.’

म्हातारा म्हणजे तिचे सासरे. ती त्यांना बाबा म्हणायची. सासूबाई गेल्यापासून बाबा गावी एकटे राहत होते आणि कुणी कितीही बोलावलं तरी हलत नव्हते. मागच्या थंडीत ते न्हाणीत घसरून पडले. मनगट मोडलं. सकाळी पडलेले बाबा दुपार उलटल्यावर शेजारणीला दिसले. आठ तास ओल्या फरशीवर पडून होते. त्यानंतर मात्र दातकरीण स्वतः जाऊन त्यांना घेऊन आली. नवऱ्याला रजा नव्हती. तो बस डेपोत गाड्यांची वेळापत्रकं लावायचा आणि त्याच्या स्वतःच्या वेळापत्रकात कुणाच्या पडण्याला जागा नसायची.

बाबांशी तिचं वेगळंच होतं. लग्नानंतर तिने दातांचा कोर्स करायचा म्हटल्यावर घरात नाकं मुरडली गेली होती. लोकांच्या तोंडातलं काम ते! तेव्हा बाबा एकच वाक्य बोलले होते: “जगातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना जेवायचं असतं. शिकू द्या तिला.” फी भरायला तेच आले होते, नव्या चपला घालून.

आणि त्याच बाबांच्या तोंडात एकही दात नव्हता. सात वर्षं ते बोळक्या तोंडानेच जेवत होते. कवळी घ्या म्हटलं की म्हणायचे, “पेजेला दात कशाला लागतात?”

म्हणून इथे आणल्यावर तिने पहिलं काम काय केलं असेल? डॉक्टरांकडे नेऊन त्यांचं माप घेतलं. मग महिनाभर, लॅबची कामं संपली की, ती बाबांची कवळी करत बसायची. सासूबाईंबरोबरचा त्यांचा एक जुना फोटो समोर ठेवून. दात पांढरेशुभ्र नाहीत, वयाला शोभतील असे किंचित पिवळसर. वरचा एक दात शेजारच्यावर चढलेला होता, तोही तिने मेणात तस्साच तिरका बसवला. वरच्या भागाचं गुलाबी छप्पर तिने इतकं घासलं, की मालक दिव्याखाली धरून म्हणाले, “ही कवळी आहे का आरसा? यात भांग पाडता येईल.”

ज्या दिवशी बाबांनी ती घातली, त्या दिवशी आरशासमोर ते पाच मिनिटं नुसते उभे राहिले. मग म्हणाले, “अरे, हा तर मी.”

त्या आनंदात तिने पहिली पेज केली. पीठ बाबांनी गावाहून आणलेलं, तिथल्याच गिरणीतलं. कृती सासूबाईंची, तिने लग्नानंतर त्यांच्याशेजारी उभं राहून शिकलेली. आणि तेव्हाच तिने घरात नियम केला: “दात घातल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. सवय मोडली तर हिरडी आखडते.” बाबांनी मान डोलावली, चमचा तोंडात घातला, घड्याळाकडे पाहिलं.

“चांगली झालीये गं. पण ही ती नाही.”

पहिल्यांदा तिला वाईट वाटलं नाही. हात बसायला वेळ लागतो. तिने एक वही केली. लॅबमध्ये जसा प्रत्येक कामाला क्रमांक असतो तसे पेजेला क्रमांक दिले. पीठ किती, पाणी किती, किती तास आंबवलं, किती मिनिटं शिजवलं. शेवटचा रकाना: बाबा काय म्हणाले.

क्रमांक दोनला ते म्हणाले, आंबट कमी आहे. तिने आंबवायचा वेळ वाढवला. पण घरातल्या गारठ्यात पीठ आंबेना. ब्लँकेटमध्ये गुंडाळून पाहिलं, फ्रिजच्या मागे ठेवून पाहिलं. शेवटी एक दिवस ती बरणी घेऊन लॅबमध्ये गेली आणि कवळ्या शिजवायच्या टाकीशेजारच्या उबदार फळीवर गुपचूप ठेवून दिली. दुपारी मालकांनी टाकीचं तापमान बघायला मान वाकवली.

“हे काय आहे?”

“पीठ.”

“कसलं पीठ? प्लास्टर?”

“पेजेचं.”

मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “बाई, इथे दात शिजतात. उद्या कुणी डाळ लावील, परवा कुणी वांगी भाजील. इन्स्पेक्टर आला तर त्याला काय सांगू, दातांबरोबर नमुन्याचं जेवणही देतो म्हणून?”

बरणी घरी परत आली, पण तोवर काम झालं होतं. पीठ असं आंबलं होतं की झाकण उघडताच नवरा दुसऱ्या खोलीतून ओरडला, “काय मेलंय?” त्या पेजेचा एक घास खाऊन त्याचे दात आंबले. दोन दिवस तो थंड पाणी पिताना तोंड वाकडं करायचा.

बाबा म्हणाले, “आंबटपणा जरा वर यायला हवा होता.”

क्रमांक सातला तक्रार बदलली. “गार आहे.”

वाटीतून वाफ निघत होती. तिने बोट बुडवलं आणि झटक्यात बाहेर काढलं. “बाबा, चटका बसतोय!”

“असेल. पण पेज कशी, तोंडात गेली की आत सगळं ऊन ऊन व्हायला हवं. हिचं तसं होत नाही.”

मग ती पेज गॅसवरून थेट वाटीत येऊ लागली. नवऱ्याची जीभ भाजली. बाबांना गारच लागत होती.

क्रमांक अकराला नवीनच निघालं. “खरखर नाही.” गावची पेज म्हणे जिभेने वर दाबली की कणाकणाने लागायची. बरं! तिने वन्सांना, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला, फोन करून अख्खा दाणा मागवला, कॉफी दळायचं यंत्र विकत आणलं आणि घरीच भरड काढली. पंधरावी पेज नवऱ्याने कचकच चावली आणि हळूच विचारलं, “बांधकामाची वाळू उरली होती का गं?”

“तुम्ही खाऊ नका. तुमच्यासाठी नाहीये ती.”

“मग मी दर वेळी का खातोय?”

“कुणीतरी खरं सांगायला हवं म्हणून.”

“मी खरं सांगतोय. जीभ भाजलीये, दात आंबलेत, आणि आता वाळू.”

बाबा शांतपणे म्हणाले, “मला तर गुळगुळीत लागते बुवा.”

दातकरणीने डोक्याला हात लावला. एकाच पातेल्यातली पेज. एकाला वाळू, एकाला लोणी. ती बाबांवर चिडायची, मग चिडल्याबद्दल स्वतःवर चिडायची, मग उरलेला राग पातेल्यावर काढायची. पातेल्याला दोन पोचे आले. तिने पाणी बदललं. बाटलीचं आणलं. मातीचं भांडं आणलं, ते तिसऱ्या दिवशी तडकलं. लसूण बदलली. मीठ बदललं. वहीतला शेवटचा रकाना मात्र बदलेना. त्यात आता ती पूर्ण वाक्यही लिहीत नसे. नुसतं ‘ही.ती.ना.’

हे सगळं गमतीचं राहिलं असतं, पण बाबा रोडावत होते. पेज अर्धी उष्टी टाकायचे, भातही पुढे सारायचे. दोन महिन्यांत चार किलो उतरले. पट्टा एक भोक आत गेला, मग दोन. आणि एका सकाळी, चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, “मला गावी सोड आता. मनगट बरं झालंय. तुझ्यात काही कमी नाही गं. पण इथली चूलच वेगळी. तिथे निदान दोन घास जातील.”

गावी म्हणजे ते बंद घर. ती न्हाणी. ती फरशी.

फोनवर वन्सं म्हणाल्या, “मी तेव्हाच म्हटलं होतं. तू दिवसभर त्या धुळीत असतेस, तुला कुठे सवड? पेज मन लावून करावी लागते.”

“वन्सं, अठरा वेळा केली.”

“तेच तर. आईने एकदाच केली असती.”

दातकरणीने फोन कानापासून लांब धरला आणि भिंतीकडे बघून दात ओठ खाल्ले.

“रविवारी मी येते,” वन्सं म्हणाल्या. “मंगळवारच्या गाडीने बाबांना घेऊन जाते. मी आहे ना तासाभरावर. लक्ष ठेवीन.”

तासाभरावर. आठ तास पडले होते तेव्हाही वन्सं तासाभरावरच होत्या. 

एकोणिसावी पेज शुक्रवारची. शेवटच्या दाण्याची. खूप आंबलेली, खूप भरड, उकळती. बाबांनी चार चमचे खाल्ले आणि तिच्या तोंडाकडे बघून पाचवा खाल्ला. मग नुसती मान हलवली. ती उरलेलं पातेलं फ्रिजमध्ये ठेवायला गेली आणि फ्रिजचं दार लावून तिथेच उभी राहिली.

“दुखतंय जरा इथे,” मागून बाबा म्हणाले. खालच्या हिरडीवर लाल रेघ उठली होती. निदान याला इलाज होता. शनिवारी तिने दोन्ही कवळ्या डबीत घालून लॅबमध्ये नेल्या, खालची टोचणारी कड घासली आणि परत चकाकी द्यायला म्हणून मशीनजवळ ठेवल्या. तेवढ्यात मालकांनी घाईने शटर ओढलं. त्यांच्या मेहुणीचं कुठेतरी काहीतरी होतं. डबी आतच राहिली.

“बोळक्या तोंडाने दिसू लेकीला?” बाबा रविवारी सकाळी म्हणाले आणि टॉवेल तोंडावर धरून बसले.

वन्सं आल्या त्याच मुळी स्वयंपाकघरात. चपला काढल्या दारात, पण पर्स काखेतच. “आधी बघू तरी, काय करून घालतेस.”

“आज नाही केली. दाणा संपला. परवाची आहे फ्रिजमध्ये.”

“परवाची?” वन्सांनी पातेलं बाहेर काढलं, वास घेतला, पोचे पाहिले. “पातेल्याची काय दशा केलीस गं! दे इकडे.” त्यांनी गॅस पेटवला, थोडं पाणी शिंपडलं, चमचा असा फिरवला की जणू बाळाला जोजवतायत, आणि वाटीत ओतून बाबांसमोर ठेवली. “बाबा, टॉवेल काढा. मी पाहिलंय तुम्हाला असं. खा.”

बाबांनी नाइलाजाने टॉवेल बाजूला केला. एक चमचा. जीभ फिरली. ते घड्याळाकडे बघू लागले. दातकरीण ओट्याशी पाठ टेकून उभी होती. पुढचं वाक्य तिला पाठ होतं.

बाबांनी दुसरा चमचा घेतला. मग तिसरा, घाईने. मग वाटीच तोंडाला लावली.

“ही,” ते म्हणाले. हनुवटीवरून ओघळ येत होता. “हीच ती.”

नवरा दारात होता, तो तिथेच थांबला. दातकरणीची तर दातखीळच बसली.

“बघ!” वन्सं म्हणाल्या. “मी काही केलं का? नुसती गरम केली. हलक्या हाताने. तू पेजेशी भांडतेस गं. पेजेला कळतं.”

“वन्सं, ही तीच पेज आहे. शुक्रवारची.”

“असू दे ना तीच. हात कुणाचा लागला?”

बाबांनी दुसरी वाटी मागितली. मग अर्धी आणखी. वन्सं मंगळवारच्या गाडीचं बोलू लागल्या. कुठलं डबडं बरोबर घ्यायचं, कोणता स्वेटर ठेवायचा. बाबा माना डोलवत होते, तृप्त. दातकरीण गॅलरीत गेली. तिथे वाळत घातलेला बाबांचा सदरा होता, खांद्यात ढगळ झालेला. तिने तो उगाच पुन्हा झटकला. खूप जोरात.

रागात माणूस नीट विचार करत नाही म्हणतात. तिचं उलट झालं. ती लॅबची बाई होती. एखादी कवळी बिघडली की ती एकच प्रश्न विचारायची: मागच्या वेळेपेक्षा या वेळी काय वेगळं होतं? पेज तीच. पातेलं तेच, पोच्यांसकट. पाणी तेच. वन्सांचा हात? वन्सांच्या हातात जादू असती तर त्यांच्या नवऱ्याने दुपारचं जेवण कँटीनमध्ये कशाला घेतलं असतं? ती खूप वेळ विचार करत राहिली. पण काय वेगळं होतं ते काही तिला सापडेना.

सोमवारी ती कवळ्या घेऊन आली, चकाकणाऱ्या. बाबांनी खुशीत घातल्या. वन्सांनी गावाहून दाणा आणला होता, आणि त्यातला थोडा निघतानाच भरडून डब्यात आंबत घातला होता. संध्याकाळी त्यांनी स्वतः पेज रांधली. एक चमचाही दातकरणीला ढवळू दिला नाही. “तू बस. बघ फक्त.”

ती बसली. बघत राहिली.

वन्सांनी वाटी ठेवली. बाबांनी चमचा घेतला. जीभ फिरली. नजर घड्याळाकडे गेली.

“चांगली झालीये गं,” बाबा लेकीला म्हणाले. “पण...”

“पण काय?” वन्सांचा आवाज चढला.

“जरा गार आहे. आणि ती खरखर...”

“गार? बाबा, आत्ता उतरवलीये मी! अहो, बुडबुडे येतायत अजून!”

“असतील. पण कालची ती वेगळी होती.”

वन्सांचा चेहरा असा झाला, की त्यावर दातकरणीचे तीन महिने फिटले असते. पण ती तिकडे बघतच नव्हती. ती बाबांच्या तोंडाकडे बघत होती. पिवळसर दात, एक तिरका. आणि त्यांच्यावर, न दिसणारं, तिने स्वतः आरशासारखं घासलेलं गुलाबी छप्पर. हिरडीपासून थेट घशापर्यंत सगळी टाळू झाकणारं. टाळूच्या प्रत्येक वळीवर घट्ट बसणारं, कारण तिने ते तसंच बसवलं होतं.

जेवणात चव लागत नाही. सवय होईल.

“बाबा,” ती म्हणाली. “दात काढा.”

“आं? तुझाच नियम...”

“काढा म्हणते ना!”

ती त्यांच्याशी इतक्या मोठ्याने कधी बोलली नव्हती. बाबांनी मुकाट दोन्ही कवळ्या काढून तिच्या तळहातावर ठेवल्या, ओल्या, उबदार. मग त्याच वाटीतून, त्याच चमच्याने, एक घास घेतला. जिभेने वर दाबला. उघड्या टाळूला ऊन लागलं, कण लागले, आंबट लागलं.

त्यांनी वाटी संपवली आणि पुढे केली.

“म्हणजे?” वन्सं म्हणाल्या. “म्हणजे दातांमुळे?”

“पेजेला दात कशाला लागतात, मी म्हणत होतो,” बाबा बोळक्या तोंडाने म्हणाले आणि इतके हसले की ठसका लागला.

दातकरणीला हसू येत नव्हतं. चवीचा काही भाग टाळूवरही कळतो, हे तिने कोर्सच्या परीक्षेत लिहिलं होतं. दोन मार्कांना. दोन्ही मिळाले होते.

“एकोणीस वेळा,” ती म्हणाली. “कॉफीचं यंत्र आणलं मी.”

“माझी जीभ भाजली,” नवरा म्हणाला.

“तुम्ही एकदाही कसं बोलला नाहीत बाबा? कवळीने चव जाते म्हणून?”

“मला काय माहीत! इतके सुंदर दात. मला वाटलं, तुझी पेजच बिघडते.”

यावर तिने हातातल्या कवळ्या ओट्यावर ठेवल्या. आपटल्या नाहीत, एवढंच.

मंगळवारच्या गाडीने वन्सं एकट्याच गेल्या. बाबांची बॅग दोनदा भरली आणि दोनदा उपसली गेली. “पेज मिळतेय तर कशाला जाऊ?” बाबा म्हणाले, इतक्या सहज, जणू गावी जायचं हे कुण्या दुसऱ्याच्याच डोक्यातलं खूळ होतं. जाताना वन्सं दारात म्हणाल्या, “तरी पण गरम माझ्या हाताने चांगली झाली होती हं रविवारी.” दातकरणीने मान डोलावली. त्यांची गाडी चुकायला नको होती.

मालकांना तिने विचारलं, टाळूचा भाग कापून टाकता येईल का. मालकांनी एका वाक्यात निकाल लावला: “काप की. पहिल्याच शिंकेला वरची कवळी पेजेत.” तेव्हा आता बाबा बाहेर जाताना दात घालतात, फोटोला घालतात, वन्सांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना तर आठवणीने घालतात. जेवताना डबीत ठेवतात. पट्टा एक भोक बाहेर आलाय. घरातला नियम उलटा झाला आहे आणि तो पुकारताना तिला दर वेळी थोडं टोचतं: “बाबा, दात काढल्याशिवाय बसायचं नाही.” लॅबमध्येही, चव लागत नाही अशी चिठ्ठी आली, की तिचा पेन ‘सवय’ पाशी अडखळतो. पुढे काय लिहावं ते तिला अजून सुचलेलं नाही.

आणि ती वही आहे. एकोणिसाव्या पेजेच्या रकान्यात तिने आधीची खूण खोडून ‘हीच ती’ लिहिलं आहे. पण हे लिहिताना तिचं लक्ष पहिल्या पानावर गेलं. पहिली पेज. गावच्या गिरणीतलं पीठ, सासूबाईंची कृती, साधं आंबट, साधी भरड. त्यापुढच्या अठरा पेजा तिने आंबट, भरड, उकळत्या करत नेल्या, त्या एका झाकलेल्या टाळूपर्यंत पोचायला. आता बाबांना ती नवऱ्याचे दात आंबवणारी, वाळूसारखी एकोणिसावीच आवडते. तशीच कर म्हणतात. मग गावची पेज यांतली कोणती?

ते पीठ संपलंय. ती गिरणी, वन्सं सांगत होत्या, बंद पडली. उरले बाबा.

“बाबा, आठवून सांगा. पहिल्या दिवशी केली होती ना, नवीन दात घातले त्या दिवशी. ती कशी होती?”

“जी मिळते ती चांगली गं,” बाबा वाटी चाटत म्हणतात.

“तसं नाही! त्या दिवशी दात काढून खाल्ली असती, तर ती ‘ती’ होती का?”

बाबा घड्याळाकडे बघत विचार करतात. मग दुसरी वाटी पुढे करतात.

ती पेज वाढते. पातेलं गॅसवर ठेवते, जरा जोरातच. आणि पुन्हा विचारते, “होती का, बाबा?”